सोलापूरचे टॉवेल-चादरी, ऑनलाइन ऑर्डरी : गोदाम भिवंडीत, पुण्यात की सोलापुरातच?

सोलापुरी_टेरी

नमस्कार मंडळी. सोलापूर एमआयडीसीत टेरी टॉवेल आणि चादरींचं उत्पादन आहे. स्वतःची वेबसाइट आणि दोन मार्केटप्लेस मिळून रोज सरासरी ४५० ऑर्डरी जातात, दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत ११०० पर्यंत. आकार-रंग धरून ३२० प्रकार. ऑर्डरमागे सरासरी १.३ नग, पार्सलचं प्रत्यक्ष वजन १.१ किलो, खोक्याचं माप ३५ × २८ × १० सेंमी.

गेल्या १२ महिन्यांच्या ऑर्डरी पिनकोडप्रमाणे लावल्या तर मुंबई-ठाणे-नवी मुंबई-वसई ३१ टक्के, पुणे-पिंपरी १७, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा १४, बंगळूर-हैदराबाद १६, दिल्ली परिसर ९, गुजरात ६, बाकी देश ७. सीओडी (पार्सल घेताना पैसे) ४८ टक्के. एकूण ऑर्डरींपैकी ११ टक्के पार्सलं न स्वीकारता परत येतात.

दलाल म्हणतोय की सगळा माल भिवंडीत हलवा, कुरियरचा खर्च निम्म्यावर येईल. पडघ्याकडे ६,००० चौरस फूट दाखवतोय, समृद्धी महामार्ग जवळ म्हणून. दुसरा पर्याय पुण्यात वाघोली. निर्णय नेमका कशावर घ्यावा?

प्रति_ऑर्डर

तुमची आकडेवारी तयार आहे, त्यामुळे काम सोपं आहे. महिन्याचं भाडं बाजूला ठेवा आणि सगळे खर्च एका ऑर्डरवर आणून मोजा. खालचे दर मी हिशेबापुरते धरलेत, तुमच्या करारातले घालून पुन्हा करा. पद्धत तीच राहील.

आधी वजन. कुरियर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते लावतो. ३५ × २८ × १० भागिले ५००० म्हणजे १.९६ किलो, म्हणजे तुम्ही १.१ किलोच्या मालाला २ किलोचे पैसे देताय. २ किलोसाठी समजा स्थानिक ६०, राज्यांतर्गत ८०, महानगर ते महानगर १०० आणि उर्वरित भारत ११५ रुपये.

सोलापुरातून : ६२ टक्के ऑर्डरी राज्यातल्या (गोवाही त्याच दरात धरलाय) × ८० म्हणजे ४९.६०, बाकी ३८ टक्के × ११५ म्हणजे ४३.७०. सरासरी ९३.३० रुपये.

भिवंडीतून : मुंबई भाग ३१ टक्के × ६० = १८.६०. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा ३१ टक्के × ८० = २४.८०. बंगळूर, हैदराबाद, दिल्ली मिळून २५ टक्के × १०० = २५. बाकी १३ टक्के × ११५ = १४.९५. सरासरी ८३.३५. बचत साधारण १० रुपये, निम्म्यावर येण्याचा प्रश्नच नाही.

वाघोलीतून, पुणे महानगरांच्या यादीत नसेल असं धरून : सरासरी ८९.९०. बचत ३.४० रुपये.

आता भिवंडीची दुसरी बाजू. रोजचे ५८५ नग, गठ्ठ्यात दाबून भरले तर नगाला साधारण ०.००७ घनमीटर. आठवड्याला २९ घनमीटर आणि साडेतीन टन, म्हणजे २२ फुटी एक गाडी. फेरीचे १८,००० धरले तर ऑर्डरमागे ५.७० रुपये. भाड्यातला फरक (६,००० फुटांना फुटामागे भिवंडीत २२ विरुद्ध सोलापुरात १० रुपये) महिन्याला ७२,०००, १३,५०० ऑर्डरींवर ५.३० रुपये. १२ माणसांच्या पगारात प्रत्येकी ३,५०० जास्त, म्हणजे आणखी ३.१०. एकूण १४.१० रुपये जास्त खर्च करून १० रुपये वाचवायचे.

ही ४ रुपयांची तूट भरून निघायची एकच वाट आहे, ती म्हणजे परत येणारी पार्सलं कमी होणं. जाण्याचं भाडं, परतीचं भाडं आणि पुन्हा घडी-पॅकिंग मिळून एका परत पार्सलला १९० रुपये धरले, तर परतीचं प्रमाण ११ वरून पावणेनऊ टक्क्यांवर आलं की तूट संपते. मुंबईत पार्सल चौथ्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी पोचलं तर सीओडीचा नकार कमी होतो, पण किती ते चाचणीशिवाय गृहीत धरू नका.

दोन गोष्टी आजच करा. पहिली : कुरियरकडून पिनकोडनिहाय झोनची (कोणता पिनकोड कोणत्या दरात, त्याची) यादी लेखी मागा. भिवंडीचा पिनकोड त्यांनी मुंबईत धरला नसेल तर वरची १० रुपयांची बचत सरळ शून्य होते. दुसरी : खोक्याऐवजी कुरियरची पॉलिबॅग आणि पॅकिंगच्या टेबलावर हवा काढणारं पाऊच. उंची १० वरून ६ सेंमीवर आली की आकारमानाचं वजन १.१८ किलो होतं आणि तुम्ही दीड किलोच्या स्लॅबमध्ये येता. स्लॅबचा फरक १५ रुपये असला तरी जागा बदलून मिळतं त्याहून जास्त मिळालं, तेही सोलापुरात बसून. पाऊच ऑर्डर निघतानाच भरा. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेल्या टेरीचे लूप चपटे होतात.

डॉक_आणि_शटर

वरचा हिशेब बरोबर आहे. जागेबद्दल सांगतो.

भिवंडी म्हणजे एक ठिकाण नव्हे. जुन्या ठाणे-भिवंडी रस्त्यावरचे कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ हे पट्टे मुंबईला जवळ, पण रस्ता अरुंद आणि अंजूरफाट्याला कोंडी. मुंबई-नाशिक महामार्गावर मानकोली, राजणोली, सोनाळे, पिंपळास, वडपे, पुढे पडघा. वसई-विरारची पार्सलं जास्त असतील तर चिंचोटी-अंजूरफाटा रस्ता लागतो आणि पावसाळ्यात त्याची अवस्था बघूनच वेळ धरावी लागते.

समृद्धीचं म्हणाल तर इगतपुरी ते आमणे (पडघ्याजवळ) हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि नागपूर ते आमणे ७०१ किमी पूर्ण झाले. विदर्भ-मराठवाड्याकडे माल पाठवणाऱ्याला त्याचा खरा फायदा आहे. तुमची गाडी मात्र पुणे, कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव या वाटेने येणार. तिला समृद्धी लागतच नाही, मग त्या नावाचं जास्त भाडं तुम्ही का द्यावं? ठाणे परिसरात जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, म्हणून गाडी रात्री पोचेल असं धरून गोदामात रात्रीची उतराई चालते का ते विचारा. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कोण देणार हे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर आधीच लिहून घ्या. माथाडी मंडळाची नोंदणी आणि लेव्हीही खर्चात धरा.

कुरियरचा पिकअप हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. गोदाम कुरियरच्या हबपासून (पार्सलं वेगळी लावायच्या केंद्रापासून) ५ किमीवर असो की २५ वर, गाडी दिवसातून एकदाच येत असेल तर कटऑफ हबच्या वेळेवर ठरतो. पिकअप दुपारी ३ ला असेल तर त्यानंतरच्या ऑर्डरी दुसऱ्या दिवशी निघतात आणि भिवंडीत असूनही सोलापूरइतकाच वेळ लागतो. जागा बघायला जाल तेव्हा संध्याकाळी ६ ते ८ मध्ये जा आणि शेजारच्या गाळ्यांतून शेवटची कुरियर गाडी किती वाजता सुटते ते विचारा.

इमारतीत काय बघायचं ते मालावर अवलंबून आहे. तुमच्या एका पॅलेटवर १.२ घनमीटर माल बसेल, साधारण १७० नग, वजन जेमतेम १५० किलो. त्यामुळे चौरस मीटरला ५ टन पेलणारी फरशी म्हणून कोणी जास्त भाडं सांगितलं तर ती तुमची गरज नाही. तुम्हाला उंची हवी : जमिनीवर एक आणि वर तीन मजले रॅक लावायचे तर छताच्या खालच्या कडेपर्यंत साडेसहा ते सात मीटर, आणि स्प्रिंकलरच्या तोंडाखाली किमान ४५ सेंमी मोकळं.

शटर दोन उंचीची हवीत. २२ फुटी गाडीसाठी ४ फूट जोतं ठीक, पण कुरियरचे छोटे टेम्पो त्याच्या खूप खाली राहतात आणि पोरं पार्सलं वरून फेकतात. एक शटर जमिनीलगत, उतारासह. गाडी वळायला समोर किमान ५० फूट मोकळं आवार.

कापडाचा खरा शत्रू ओल. रस्त्यापेक्षा जोतं दोन फूट तरी वर आहे का, खाडी आणि कामवारी नदीच्या बाजूला पूर्वी पाणी कुठपर्यंत चढलं, हे शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवरची खूण खोटं बोलत नाही. पत्र्याच्या स्क्रूभोवती आणि पन्हाळीच्या सांध्याखाली गंजाचे ओघळ दिसले तर तिथे गळतं. माल भिंतीपासून दीड फूट दूर, कधीही थेट फरशीवर नाही.

पांढऱ्या टॉवेलांसाठी एक खास गोष्ट. घडीच्या कडेला पिवळे पट्टे येतात ते नेहमी ओलीने येत नाहीत. पॉलिबॅगमधलं बीएचटी हे रसायन आणि डिझेलच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड यांची प्रतिक्रिया होऊनही येतात. पिशवीवाल्याकडून बीएचटीविरहित पिशवी मागा आणि शटरला लागलेल्या गाडीचं इंजिन बंद करायला लावा.

सोलापुरी_टेरी

दोघांचेही मनापासून आभार. झोनची यादी मागवली. एका कुरियरने ४२१३०२ म्हणजे भिवंडी मुंबईत धरलाय, ४२११०१ म्हणजे पडघा धरलेला नाही. दुसऱ्याने दोन्ही मुंबईबाहेर धरलेत. पडघा बाद.

दलाल आता काल्हेरच्या बाजूला १४ रुपयांनी गाळा देतो म्हणतोय. कागद म्हणून ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि घरपट्टीची पावती आहे. एवढ्यावर पुढे जावं का?

गट_नंबर

जाऊ नका. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, ती फक्त कर भरल्याची पावती. भिवंडीभोवतालच्या अधिसूचित गावांमध्ये नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. तिथे ग्रामपंचायतीचा दाखला बांधकाम परवानगीची जागा घेऊ शकत नाही. १४ रुपये बहुधा त्यासाठीच आहेत.

मागायचे कागद, या क्रमाने : ताजा सातबारा आणि फेरफार (भोगवटादार वर्ग १ की २, कारण वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरावर सरकारी बंधनं असतात; इतर हक्कात कुळाचं, बँकेचं किंवा कोर्टाचं नाव आहे का), बिनशेती आदेश आणि त्यातला वापर, झोन दाखला, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. मंजूर नकाशा घेऊन प्रत्यक्ष जागेवर उभे राहा. मागच्या बाजूला वाढवलेली शेड आणि मधेच टाकलेला पोटमाळा नकाशात सापडत नाही, ही नेहमीची भानगड.

अग्निशमनाचा ना-हरकत दाखला एकदा मिळाला की संपलं असं नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं नमुना ‘ब’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटची दोन प्रमाणपत्रं बघा, आणि हायड्रंटचा व्हॉल्व्ह तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. भोगवटा प्रमाणपत्र किंवा अग्निशमनाचा कागद नसेल तर विम्याचा हप्ता भरूनही दावा अडकतो. तुमचा माल सुती आहे, त्यामुळे यात तडजोड नको. मे २०१९ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साडीच्या दुकानाला पहाटे आग लागली. बाहेरून कुलूप होतं आणि आत झोपलेले ५ कामगार गेले. गोदामात कुणालाही झोपू द्यायचं नाही, हे करारात आणि पगाराच्या हिशेबात आधीच धरा, म्हणजे राहण्याची सोय वेगळी करा.

कराचं थोडक्यात. महाराष्ट्रातच दुसरी जागा असेल तर त्याच जीएसटी क्रमांकात ‘अतिरिक्त व्यवसाय ठिकाण’ जोडायचं, त्यासाठी नोंदणीकृत करार, मालकाची संमती आणि वीजबिल लागतं. वीजबिलावरचं नाव आणि करारातलं नाव जुळत नसेल तर अर्ज हमखास परत येतो. सोलापूर ते भिवंडी माल डिलिव्हरी चलनावर, कर नाही. पण किंमत १ लाखावर गेली की राज्यांतर्गत ई-वे बिल लागतं. हैदराबादला साठा ठेवायचा झाला तर तेलंगणाची वेगळी नोंदणी आणि माल हलवतानाच आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी). तो पुढे वजावटीत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

गोदामाच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी. मालक नोंदणीकृत नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर तुम्हालाच रिव्हर्स चार्जने भरावा लागतो. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत, नोंदणी सक्तीची. लॉक-इन (ठरावीक काळ करार न मोडण्याची अट) दोन्ही बाजूंना समान असू द्या. आणि भाडं कोणत्या क्षेत्रावर आहे ते बघा : करारात ६,००० फूट आणि आत फीत लावली तर ४,८०० भरतात, हे सर्रास होतं. मग २२ चा दर खरा साडेसत्तावीस पडतो.

सोलापूर_रोड

पुण्याचा पर्याय चुकीच्या जागी मांडला जातोय. वाघोली नगर रस्त्यावर आहे. तुमची गाडी सोलापूर रस्त्याने येते, ती थेऊर-केसनंद-लोणीकंद फिरवायची किंवा हडपसरच्या गर्दीतून न्यायची. तुमच्यासाठी लोणी काळभोरचा पट्टा सरळ रस्त्यावर आहे. अंतरही २५० किमीच्या आत, गाडी रात्री निघून सकाळी उतरून परत जाते.

तरी मी पुण्यात स्वतंत्र गोदाम घ्या असं म्हणणार नाही. ३.४० रुपयांची बचत वाहतुकीतच जाते. आणि सोलापूरला कमी लेखू नका : पुणे-हैदराबाद जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि धुळे-संभाजीनगर-विजयपूर जाणारा ५२ तिथे मिळतात. हैदराबाद ३०० किमीच्या थोडं पुढे. तुमच्या १६ टक्के दक्षिणेच्या ऑर्डरींसाठी भिवंडी म्हणजे उलट दिशेचा प्रवास आहे.

प्रति_ऑर्डर

सहमत. मग माझी मांडणी अशी : मूळ साठा आणि सगळे ३२० प्रकार सोलापुरातच. मुंबईच्या पिनकोडसाठी जास्त खपाचे ५०-६० प्रकार तेवढे ४२१३०२ मधल्या एखाद्या सामायिक गोदामात, ऑर्डरप्रमाणे पैसे घेणाऱ्याकडे.

आकडा लहान आहे. ते ६० प्रकार ६५ टक्के खप देत असतील तर ३१ टक्क्यांचे ६५ टक्के, म्हणजे रोज ९० ऑर्डरी, ११७ नग. बारा दिवसांचा साठा १,४०० नग, १० घनमीटर, आठ-नऊ पॅलेट. एवढ्यासाठी ६,००० फुटांवर सही करायची गरज नाही. झोनमध्ये २० रुपये वाचतात (हे फक्त ४२१३०२ मुंबईत धरणाऱ्या कुरियरने, म्हणून ही पार्सलं त्यालाच द्या). पार्ट लोडने माल पाठवायला ६.६० धरा, आणि तुमचं स्वतःचं पॅकिंग ऑर्डरमागे १४ धरलं तर त्याऐवजी त्यांचे साठवणुकीसह २७, म्हणजे १३ जास्त. पैशात जवळपास बरोबरी. पार्सल लवकर पोचण्याचा आणि परती कमी होण्याचा फायदा वरचा.

यात तीन ठिकाणी पाय अडकतो. एक, किमान बिल : ते महिन्याला ५,००० ऑर्डरींचं असेल तर तुमच्या २,७०० ऑर्डरींवर दर जवळजवळ दुप्पट पडतो. किमान २,००० वर आणा किंवा दुसरा बघा. दोन, फुटलेली ऑर्डर : एक नग भिवंडीत आणि दुसरा सोलापुरात असेल तर दोन पार्सलं जातात. सॉफ्टवेअरमध्ये नियम घाला की सगळे नग भिवंडीत असतील तरच तिथून, नाहीतर पूर्ण ऑर्डर सोलापुरातून. तीन, परतीचा माल : भिवंडीत परत आलेला टॉवेल तपासून, घडी घालून पुन्हा साठ्यात घ्यायचे ते वेगळे पैसे लावतात. खराब नगांचा फोटो आणि ७२ तासांत नोंद करारात लिहून घ्या, नाहीतर महिन्याअखेर ताळमेळ लागत नाही.

सोलापुरी_टेरी

हे पटलं. ६० दिवसांची चाचणी करतो. कधी सुरू करावी आणि काय मोजावं?

डॉक_आणि_शटर

दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत नको. तेव्हा सगळ्यांचेच पिकअप उशिरा असतात आणि आकडे काहीच सांगत नाहीत. जून-जुलैही टाळा. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत चांगलं.

मुंबईचे अर्धे पिनकोड भिवंडीतून आणि अर्धे आहेत तसे सोलापुरातून पाठवा, म्हणजे तुलना एकाच काळातली होईल. ठाणे भिवंडीकडे आणि नवी मुंबई सोलापुरात अशी विभागणी करू नका, भागाप्रमाणे ग्राहक बदलतो. पिनकोडचा शेवटचा अंक सम-विषम घ्या. रोज लिहायचे आकडे चार : ऑर्डर ते पहिला डिलिव्हरी प्रयत्न किती तास, सीओडीतला नकार, कुरियरने प्रत्यक्ष लावलेलं वजन, आणि दर सोमवारी २० प्रकारांची हाताने केलेली मोजणी. या मोजणीत शंभरात एकाहून जास्त नगाचा फरक आला तर पुढचा माल पाठवायच्या आधी तिथे जाऊन रॅकवरची लेबलं बघा. बहुतेक वेळा ७०×१४० आणि ७५×१५० चे टॉवेल एकाच खणात गेलेले असतात.